बंद केलेलं दूध

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी टेकले की कोणीतरी हटकून विचारतंच. "तुम्ही हॉस्पिटलात डाएटिशियन होतात ना? मग सांगा, मला गव्हाची ॲलर्जी असेल का?" विचारणारे बहुधा निवृत्त गृहस्थ असतात आणि आदल्या दिवशी कुठल्यातरी लग्नात जेवून आलेले असतात. मी विचारते, काय होतं? म्हणतात, जड वाटतं. सत्तरीत चार पुरणपोळ्या खाऊन जड वाटलं तर त्याला ॲलर्जी म्हणत नाहीत, असं मी सांगते. त्यांचं समाधान होत नाही. दुखण्याला एखादं नाव मिळालं आणि ते नाव ताटातलं असलं की माणसाला बरं वाटतं. ताटातली वस्तू बाजूला सारता येते. बाकीची दुखणी अशी सारता येत नाहीत.

माझं माहेर गिरगावातलं, पाठारे प्रभूंचं. आमच्याकडे सकाळचा चहा घेताना दुपारच्या माशाची चर्चा चालायची. अशा घरातल्या मुलीने लोकांना 'हे खाऊ नका, ते खाऊ नका' सांगायची नोकरी धरावी, याचं माझ्या वडिलांना शेवटपर्यंत नवल वाटलं. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात माझं सगळं कामाचं आयुष्य गेलं. मधुमेहाचे, किडनीचे, ऑपरेशनचे असे सगळे पेशंट पाहिले. पण शेवटची बरीच वर्षं मी मुलांच्या विभागात ॲलर्जीच्या ओपीडीला बसत असे, आणि घरी आल्यावर डोक्यात राहायची ती तिथलीच माणसं.

आमचं काम बाहेरच्याला वाटतं तितकं अवघड नाही. चिकाटी मात्र लागते. अंगावर गांधी उठतात, ज्याला आपल्याकडे 'पित्त उठलं' म्हणतात आणि आमसुलाचं पाणी चोळतात. कोणाला सर्दी हटत नाही, कोणाचं पोट बिघडतं, कोणाची कातडी खाजून खाजून सोलवटते. हे सगळं महिनोन्महिने चालतं आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, खाण्यातलं काहीतरी बाधत असेल. मग ते आमच्याकडे येतात. आम्ही आधी नुसतं विचारतो. खाल्ल्यावर किती वेळाने होतं? दर वेळी होतं का? न खाता कधी झालंय का? खऱ्या ॲलर्जीला फार वेळ लागत नाही. बहुतेक वेळा तासा-दोन तासांत ती तोंड दाखवते, आणि तीच वस्तू पुन्हा खाल्ली की पुन्हा दाखवते. सोमवारी कोलंबी चालली आणि शुक्रवारी चालली नाही, तर कोलंबीपलीकडे काहीतरी शोधावं लागतं.

लालबागचे एक गृहस्थ होते. रविवारी मटण खाल्लं की अंगभर गांधी उठायच्या. त्यांनी मटण सोडलं, म्हणजे रविवारच सोडला म्हणा ना. बायको-पोरं मटण खायची आणि हे कोपऱ्यात बसून वरणभात. तरी गांधी पुरत्या थांबेनात, म्हणून आमच्याकडे आले, तेव्हा खोदून खोदून विचारल्यावर कळलं की रविवारी सकाळी ते मित्रांबरोबर क्रिकेट खेळायचे, कंबर धरायची, आणि जेवायच्या आधी दुखण्यावरची एक गोळी घ्यायचे. गांधी त्या गोळीने उठत होत्या. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, हॉस्पिटलात आमच्या डोळ्यांदेखत मटण खाऊन झालं, काही झालं नाही. त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, किती रविवार फुकट घालवलेत!" आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. त्यांची आई मधल्या काळात गेली होती, आणि तिच्या हातचं मटण त्यांनी शेवटची काही वर्षं नाकारलं होतं.

माणसं तपासण्यांवर फार विसंबतात. हातावर थेंब टाकून टोचायची एक तपासणी असते, एक रक्ताची असते. दोन्ही कामाच्या आहेत, पण त्या काय सांगतात ते समजून घ्यावं लागतं. शरीराची एखाद्या अन्नाशी ओळख आहे एवढंच त्यांत दिसतं. ओळख म्हणजे भांडण नव्हे. रक्तात शेंगदाणा निघालेली आणि रोज दाण्याची चटणी सुखाने खाणारी माणसं मी कितीतरी पाहिली आहेत. भांडण आहे की नाही हे ठरवायचा खात्रीचा मार्ग एकच. हॉस्पिटलात, इंजेक्शन भरून हाताशी ठेवून, ती वस्तू थेंबाथेंबाने खाऊ घालायची आणि बघत बसायचं. लोक पैसे भरून भलामोठा रिपोर्ट आणतात, आणि आम्ही सांगतो, चमचा घेऊन या. त्यांना ते खरं वाटत नाही.

प्रणालीला तर मुळीच वाटलं नव्हतं. तिची गोष्ट लिहायची परवानगी मी तिच्याकडूनच घेतली आहे. नावं बदलली आहेत.

प्रणाली वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची. लोअर परळच्या एका टॉवरमध्ये, विम्याच्या ऑफिसात नोकरी. नवरा अमित विमानतळावर शिफ्टमध्ये. घरात सासरे होते, ज्यांना सगळी चाळ आबा म्हणायची. सासू प्रणालीच्या लग्नाआधीच गेली होती. आबा म्युनिसिपालटीच्या पाणीखात्यात चावीवाले होते, म्हणजे रस्त्यातल्या मोठ्या वाहिन्यांच्या चाव्या फिरवून कुठल्या वस्तीला कधी पाणी सोडायचं ते काम त्यांचं. निवृत्त झाल्यावर नात सांभाळायचे. नातीचं नाव संघमित्रा, हाक मित्रा.

मित्राला जन्मानंतर काही महिन्यांतच इसब सुरू झालं. कोपराच्या खोबणीत, गुडघ्यांच्या मागे, गालांवर. खाजवून रक्त काढायची. पोरीच्या हातांना कापडी मोजे घालून ते बांधल्यासारखे ठेवायचे. प्रणाली दिवसा ऑफिस आणि घरी आली की पोरीचे हात धरून बसणं, अशी कातावलेली होती. कोणीतरी सुचवलं आणि तिने एका खासगी लॅबमधून रक्ताची मोठी तपासणी करून घेतली. त्यात दूध निघालं. अंडं, गहूही थोडेसे निघाले. प्रणालीने त्याच दिवशी घरातलं दूध बंद केलं, आणि मित्राचं अंडं-गहूही.

काही महिन्यांनी कुठल्यातरी बालरोगतज्ज्ञाने त्यांना आमच्याकडे पाठवलं. मित्रा तेव्हा दीडेक वर्षाची असेल. प्रणालीच्या कडेवर होती आणि आबा दाराबाहेर चपला काढून उभे.

"आत या ना," मी म्हटलं. "आणि चपला असू द्या."

ते आत आले पण बसले नाहीत.

मी प्रणालीला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "दूध प्यायल्यावर लगेच काही व्हायचं का? ओठ सुजणं, उलटी, अंगावर चट्टे?"

"लगेच असं नाही मॅडम. पण खाज तर चोवीस तास होती ना."

"आणि ती रोज दूध घ्यायची?"

"रोज," आबाच म्हणाले. "दुपारी मीच भरवायचो. मऊ भात दुधात कालवून. वाटीभर खायची आणि माझ्या मांडीवर झोपायची. कधी काय नाय झालं."

प्रणालीने त्यांच्याकडे पाहिलं. "आबा, रात्रीची खाज कोण बघत होतं?"



"दूध बंद केल्यावर कातडी सुधारली?" मी विचारलं.

"शंभर टक्के. बघा ना, गाल कसे झालेत."

गाल खरंच बरे होते. मी विचारलं, त्याच सुमारास आणखी काही सुरू केलं होतं का? तेव्हा कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांनी नवीन मलम दिलं होतं, आणि आंघोळीनंतर लगेच अंगाला जाडसर क्रीम लावायला सांगितलं होतं. म्हणजे तीन गोष्टी एकदम झाल्या होत्या, आणि श्रेय सगळं दुधाला गेलं होतं.

आमच्या डॉक्टरबाईंनी तिला समजावून सांगितलं. इसब हा कातडीचा आजार आहे, त्यात रक्तात दूध निघणं फार वेळा होतं. मुलगी रोज दूध पचवत होती ती साक्ष रिपोर्टापेक्षा मोठी आहे. दूध फार दिवस बंद ठेवू नका. आमच्याकडे एक दिवस या, आमच्यासमोर देऊ आणि मग घरी सुरू करा. आता मध्ये काही महिने गेलेत, तेव्हा घरी आपल्या मनाने देऊ नका.

प्रणालीने ऐकून घेतलं. तारीखही घेतली. त्या तारखेला आली नाही.

मी फोन केला. नणंदेचं लग्न होतं. पुढच्या वेळी मित्राला ताप होता. त्याच्या पुढच्या वेळी ती खरं बोलली. "मॅडम, तुम्हाला राग येईल. पण आत्ता सगळं चांगलं चाललंय. पोरगी झोपते, मी झोपते. त्याला कशाला हात लावायचा?"

मला राग आला नाही. ज्या बाईला कित्येक महिन्यांनी झोप मिळाली आहे तिला 'झोप धोक्यात घाल' असं सांगायला जीभ रेटत नाही. मी तिला दुधाऐवजी काय द्यायचं ते सांगितलं, नाचणी, तीळ, छोटे मासे काट्यासकट वाटून. अंडं आणि गहू तेवढे तिने आमच्या सांगण्यावरून सुरू केले. दुधाला नाही म्हणाली. पोर वाढत होती, वजन ठीक होतं. ओपीडीत बाहेर रांग लागलेली असायची. दर खेपेला आम्ही दुधाचा विषय काढायचो आणि दर खेपेला ती म्हणायची, "बघू ना मॅडम, जरा मोठी होऊ दे."

मध्ये एकदा आबा एकटेच आले. म्हणाले, "घरात मी चहासुद्धा काळा पितो आता. तिच्यासमोर दूध नको म्हणून. त्याचं काय नाय. पण थोडं थोडं देऊन बघितलं तर? बोटभर?"

"घरी नाही आबा," मी म्हटलं. "इथे घेऊन या."

"सूनबाई आणत नाय. मी आणली तर चालंल?"

आईच्या संमतीशिवाय आम्हाला असं काही करता येत नाही. तसं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि निघून गेले.

मित्रा चौथ्या वर्षात होती त्या वर्षीची बुद्धपौर्णिमा. सुट्टीचा दिवस, ओपीडी बंद, पण हॉस्पिटलचं स्वयंपाकघर काही बंद नसतं. मी वॉर्डातली पथ्याची ताटं बघायला गेले होते. कॅज्युअल्टीच्या कॉरिडॉरमधून जाताना पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेला दिसला. पायांत चपला नव्हत्या. जवळ गेल्यावर ओळखलं. शर्टाच्या पुढ्यावर उलटीचे डाग होते.

"आबा?"

त्यांनी वर पाहिलं आणि आत हात दाखवला.

चाळीच्या विहारात वंदना झाल्यावर खीर वाटत होते. सगळी पोरं द्रोण घेऊन ओळीत उभी. मित्रा आबांच्या हाताला धरून होती. तिला माहीत होतं की तिने खायची नसते, ती काही मागायची नाही. त्या दिवशी मात्र तिने हात पुढे केला. आबांनी आपल्या द्रोणातला एक घास तिला दिला. एकच. तिने तो खाल्ला, हसली, आणि मग खोकायला लागली. ओठ सुजले, अंग लाल झालं, उलटी झाली, आवाज बसला. आबा तिला उचलून अनवाणी रस्त्यावर धावले आणि पहिली मिळेल ती टॅक्सी घेतली. ती टॅक्सीत निळी पडून निपचित झाली तेव्हा ते तिच्या नावाने ओरडत होते, असं टॅक्सीवाल्यानेच नंतर सांगितलं. तो पैसे न घेता थांबून राहिला होता.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मी आत गेले तेव्हा तिचा रंग परत येत होता. ती वाचली होती. हे मी बाहेर येऊन आबांना सांगितलं, तर ते नुसते "बरं" म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

तेवढ्यात प्रणाली आली. विहारात ती बायकांबरोबर मागच्या बाजूला होती, तिला उशिरा कळलं. पांढरी साडी, केस सुटलेले. आधी आत गेली, मुलीला बघून आली आणि आबांसमोर उभी राहिली.

"मारलं असतंत तुम्ही तिला."

आबा भिंतीला हात टेकून उठले.

"किती वेळा सांगितलं होतं? किती वेळा आबा? आजपासून तिच्या खाण्याला हात लावायचा नाही. पाणीसुद्धा द्यायचं नाही."

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग होता, आणि त्याच्या आत सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं, ते मला अजून ऐकू येतं. "बघितलंत ना मॅडम? तुम्ही सगळे म्हणत होतात दूध चालेल. रिपोर्ट खरा होता ना? मी बरोबर होते ना?"

मी म्हटलं, "आत्ता ती बरी आहे. आधी तिच्याजवळ बस."

तिला मी आणखी काय सांगणार होते? आमच्या डॉक्टरबाईंना मी फोन केला तेव्हा फार सांगावं लागलं नाही, कारण आम्हा दोघींना एकच गोष्ट माहीत होती. इसब असलेलं मूल एखादा पदार्थ रोज खात असतं तोवर त्याचं शरीर त्या पदार्थाला सांभाळून घेत असतं. तो पदार्थ अचानक तोडला आणि दीर्घकाळ तोडलेलाच ठेवला, तर काही मुलांत ती सवय मोडते. मग जिथे नुसती ओळख होती तिथे खरोखरचं भांडण उभं राहतं. सगळ्यांचं असं होत नाही. मित्राचं त्यामुळेच झालं असं छातीठोकपणे कोणी सांगू शकलं नसतं. पण वाटीभर दूधभात खाऊन मांडीवर झोपणारी पोर आणि एका घासाने निळी पडलेली पोर, या दोघींमध्ये काय घडलं होतं ते आम्हाला दिसत होतं. रिपोर्ट आधी खरा नव्हता. तो नंतर खरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मित्रा वॉर्डात होती. प्रणाली तिच्याजवळ. आबा जिन्याजवळच्या बाकावर. मला बघून उठले.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा."

"आधी ती खायची. रोज खायची, मी माझ्या हाताने भरवलंय. मग आता असं कसं झालं?"

प्रश्न इतका सरळ होता की मला टाळता आला नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि जितकं सोपं करता येईल तितकं करून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे लाइन बरेच दिवस बंद ठेवली," ते हळूहळू म्हणाले, "आणि एकदम चावी खोलली."

"जवळजवळ तसंच."

"फुटते मग. हळूहळू सोडावी लागते." त्यांनी हवेत चावी फिरवावी तसा हात वळवला. मग विचारलं, "म्हणजे बंद केलं म्हणून झालं?"

"होऊ शकतं. नक्की नाही सांगता येत."

"हे प्रणालीला सांगितलंत?"

"अजून नाही."

"सांगू नका."

मी म्हटलं, "आबा, ती तुम्हाला दोष देते आहे. काल जे बोलली ते सगळ्या कॅज्युअल्टीने ऐकलंय. तुमची चूक एका घासाची. त्याच्यामागे जे आहे ते..."

"मॅडम, ऐका माझं." ते कधी माझं बोलणं तोडायचे नाहीत, तेवढंच त्या दिवशी तोडलं. "तिने सगळं पोरीसाठीच केलं. आई आहे ती. आता तिला राग आलाय, तर राग काढायला माणूस पाहिजे ना. मी आहे. उद्या ती स्वतःवरच काढायला लागली तर पोरीला कोण बघणार? मी म्हातारा माणूस. माझ्यावर राहू दे."

"पण तुमचं काय?"

"माझं काय," ते म्हणाले, "पोरगी जिवंत आहे."

मी डॉक्टरबाईंना हे सांगितलं. आम्ही असं ठरवलं की पुढच्या उपचाराचं बोलताना ओघात कधीतरी सांगू, प्रणाली जरा सावरल्यावर. ती सावरली, पण तो ओघ कधी आला नाही. दर खेपेला ती तावातावाने विचारायची, बिस्किटात दूध असतं का, औषधाच्या गोळीत असतं का, लोण्याचा चमचा चुकून लागला तर? तिच्या पर्समध्ये इंजेक्शन असायचं. अशा बाईला 'हे तुझ्यामुळे झालं असेल' हे वाक्य कुठल्या ठिकाणी जोडून द्यायचं ते मला सापडलं नाही. खरं सांगायचं तर मी फार शोधलंही नाही. आबांनी नको म्हटलं होतं, ते मला सोयीचं होतं.

आबा ओपीडीला सोबत यायचे. बाहेर बाकावर बसायचे. मित्रा त्यांच्याकडे धावायची तेव्हा तिच्या हातात खाऊ असला तर ते हात मागे घ्यायचे. मी एकदा पाहिलं, तिने त्यांना चिकू दिला, नुसता चिकू. त्यांनी आधी प्रणालीकडे पाहिलं. प्रणाली दुसरीकडे बघत होती. त्यांनी तो घेतला नाही. "तू खा बाळा, माझं पोट भरलंय."

घरी ते वेगळे जेवायचे, हे अमितने मला सांगितलं. त्यांनी स्वतःच ताट घेऊन गॅलरीत बसायला सुरुवात केली होती. कोणी बसा म्हटलं नाही आणि कोणी उठा म्हटलं नाही.

पुढे चाळ पाडायची म्हणून ते सगळे तात्पुरत्या घरात गेले. तिथेच आबा गेले, हार्ट अटॅकने. मला कळलं ते बाक रिकामं दिसल्यावर. मी विचारलं तर प्रणाली म्हणाली, "आबा नाहीत आता," आणि फाइल पुढे केली.

मित्राचं त्यानंतर चांगलं झालं. केकमध्ये, बिस्किटात खूप वेळ भाजलेलं दूध पुष्कळ मुलांना सोसतं. तिथून सुरुवात केली. मग आमच्यासमोर थेंब, मग चमचा, महिनोन्महिने. हळूहळू चावी सोडावी तशी. शाळेत जायला लागल्यावर दोन-तीन वर्षांत ती अर्धा पेला दूध पिऊ लागली. आता तिला दूध आवडत नाही. चवच आवडत नाही म्हणते.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी प्रणाली धाकट्याला घेऊन आली. तो सात-आठ महिन्यांचा. त्यालाही इसब. त्याला वरच्या दुधातली खीर सुरू केली होती, तेवढ्यात कातडी भडकली म्हणून तिने घाबरून थांबवली होती, थोड्याच दिवसांपूर्वी. आमच्याकडे नवीन आलेल्या तरुण डॉक्टरने बाळाला तपासून तिला चोख सांगितलं, जसं सांगायला पाहिजे तसं. "पचतंय ते बंद करू नका. इसबाच्या मुलांत उगाच दूध तोडलं तर कधी कधी त्यामुळेच खरी ॲलर्जी तयार होते. मोठीचं तसंच झालं असावं. आज इथेच याला परत सुरू करू."

मोठीची फाइल त्याने वाचली होती, त्यापलीकडचं त्याला काही माहीत नव्हतं. तो पुढच्या पेशंटकडे वळला.

प्रणाली बाळाला घेऊन माझ्या खोलीत आली आणि दार लोटून बसली.

"मॅडम, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"अमितला?"

"नाही."

पुढचा प्रश्न तिला विचारायचा नव्हता असं मला वाटलं, पण तिने विचारला. "आबांना?"

"हो. त्यांनीच विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी, जिन्यापाशी."

"आणि?"

"तुला सांगू नका म्हणाले."

"काय म्हणाले? नेमकं सांगा. त्यांचे शब्द सांगा."

मी सांगितले. राग काढायला माणूस पाहिजे, हे सांगितलं. माझ्यावर राहू दे, हे सांगितलं. ती रडली नाही. बाळाच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

"मॅडम, तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "मी रडले असते. चार दिवस जेवले नसते, स्वतःला शिव्या दिल्या असत्या. पण आबा तरी जेवले असते ना आमच्यात बसून."

पेशंटच्या घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाचा शब्द मी पाळला होता. तो पाळायला हवा होता की मोडायला, हे मला अजून ठरवता येत नाही. इतकंच समजतं की तो मोडायची वेळ निघून गेली होती. ताटातल्या वस्तू परत देणं एवढंच आमचं काम असतं. ताटाभोवतीची माणसं परत देता येत नाहीत.

नर्सने दुधाची वाटी आणून ठेवली आणि विचारलं, "कोण भरवणार?"

"मी," प्रणाली म्हणाली.

तिने चमचा कोणाला दिला नाही. बाळाने पहिला थेंब चाखला, तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितलं. ठरलेल्या वेळेनंतर तिने दुसरा चमचा दिला, मग तिसरा. बाळाच्या हनुवटीवरून दूध ओघळलं, तिने पदराने पुसलं. आम्ही दोघी त्याच्या ओठांकडे, गालांकडे, छातीकडे बघत बसलो. बाहेर ओपीडी संपली, बाकं रिकामी झाली, झाडूवाल्या मावशी येऊन गेल्या. बाळ तिच्या मांडीवर झोपलं.

काहीही झालं नाही.